गेटमीटिंगवाली नसीमताई

नसीम तांबोळी पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती एक चोरलेला पुढारी काखेत मारून.

पिरंगुटला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, फेरनिवड, उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं आम्ही छापतो. पौड रस्त्यावर चौकाचौकात पांढऱ्या शर्टातले, हात जोडलेले, गॉगल लावलेले जे चेहरे दिसतात, त्यांतले निम्मे माझ्या कॉम्प्युटरमधून गोरे होऊन बाहेर पडलेले आहेत. त्यामुळे तिनं काउंटरवर गुंडाळी उलगडली तेव्हा मी आधी गॉगल ओळखला आणि मग माणूस. आमच्या भागातले शिवाभाऊ. त्यांच्या नावाआधी 'भावी' हा शब्द मी इतकी वर्षं छापतोय की ते भाऊंचं पहिलं नावच आहे असं माझ्या मुलीला वाटायचं.

"ताई, हे खांबावरनं काढलंय का?" मी विचारलं.

"वाढदिवस झाला त्याचा. केक खाऊन झाला. आता खांबावर बसून काय करणार हाय त्यो?" ती म्हणाली. "मला हा माणूस कापडावर पायजे. असाच, गॉगलसकट. पाठीवर मावंल एवढा."

कबड्डी मंडळांच्या जर्सी छापायला मी तेव्हा नुकतंच एक मशिन घेतलं होतं. त्यावर हे काम होण्यासारखं होतं. पण भाऊंना विचारलंय का, एवढं तरी विचारणं मला भाग होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हात वर कर."

"काय?"

"हात. घोषणा दिल्यासारखा वर कर."

मी केला. का केला ते माहीत नाही. तिचा आवाज तसा होता. माझा शर्ट पँटमधून सुटून वर आला आणि पोट काउंटरला लागलं. तिनं वाकून माझी काख पाहिली.

"बघ. ह्या शर्टात तू जन्मात मोर्च्याला जायचा न्हाईस. मालकांनी बेतलेला शर्ट हाय हा."

अशी आमची ओळख झाली. माझी काख तिला आधी कळली, नाव नंतर. आणि नाव कळल्यावरही तिनं ते कधी वापरलं नाही. मला ती कायम 'छापखाना' म्हणायची.

रुंद खांद्यांची, पंचेचाळिशीला टेकलेली बाई. केस आखूड कापलेले, सलवारीवर पुरुषी शर्ट, आणि बिडी ठेवावी तसा कानावर शिंप्याचा खडू. पौडच्या बाजारात तिच्या अब्बांचं, इस्माईलचाचांचं, कापडाचं जुनं दुकान होतं. शाळांचे गणवेश, कंपन्यांचे युनिफॉर्म आणि लग्नातल्या बँडवाल्यांचे डगले, एवढंच ते विकायचे. नसीमताई म्हणायची, "मी लहानपणी माणसं बघितलीच न्हाईत. निळे बघितले, खाकी बघितले आनि जरीवाले बघितले."

हात वर करायला लावायची तिची खोड सगळ्यांना माहीत होती. तलाठ्याला लावला, बँकेच्या रखवालदाराला लावला. कोळवणला एका लग्नात तिनं हार घालायच्या आधी नवरदेवाला बाजूला घेऊन हात वर करायला लावला आणि शेरवानीची शिवण तिथंच उसवली. नवरीकडचे अजून तिच्याशी बोलत नाहीत. एकदा ग्रामसभेत मागं बसलेल्या बायकांची पोलकी बघायला म्हणून तिनं सगळ्या रांगेला हात वर करायला सांगितलं, आणि ग्रामसेवकानं ठराव मंजूर म्हणून लिहून टाकलं. ठराव कशाचा होता हे त्या बायकांना नंतर कळलं. पण पाण्याची टाकी झाली.

ती शिकली पुण्याला, फॅशनचं. नंतर मुंबईला एका बड्या डिझायनरकडे बरीच वर्षं होती. त्याचं नाव ती घेत नसे, 'आमचे धनी' म्हणायची. तिथून ती पौडला परत का आली याची दोन कारणं होती. गावात ती सांगायची, अब्बांचे गुडघे गेले. इस्माईलचाचा गल्ल्यामागून सांगायचे, "माझे गुडघे उत्तम हायेत." खरं कारण तिनं मला जर्सीच्या मशिनपाशी बसून सांगितलं.

धन्यांनी कष्टकऱ्यांवर एक कलेक्शन काढलं होतं. नाव ठेवलं 'श्रम'. सगळे कपडे मातीच्या रंगाचे, उंची लिननचे. ते थकल्यासारखे दिसावेत म्हणून त्यांना चुण्या पाडायच्या होत्या, आणि त्या चुण्या पाडायला इस्त्रीवाले सकाळपासून उभे राहून खरोखरचे थकले होते. तालीम झाली. एक मॉडेल हातात विळा घेऊन चालत आली. धन्यांनी डोळे मिटले आणि सगळ्यांना विचारलं, तुम्हाला काय जाणवलं ते सांगा. कुणी म्हणालं जडपणा, कुणी म्हणालं मातीचा गंध. नसीमताईची पाळी आली.

"मी म्हनलं, सर, हिनं विळा उलटा धरलाय. ही बाई गवत कापायला न्हाई, पाठ खाजवायला निघालीया."

"मग?"

"मग काय. आले पौडला."

दुकानामागं पत्र्याची शेड होती. तिथं तिनं शिलाईची मशिनं मांडली आणि स्वतःचं कलेक्शन करायला घेतलं. त्याचं नाव 'गेटमीटिंग'. कंपनीच्या दारावर पाळी सुटताना युनियनवाले माणसं गोळा करून जे बोलतात ते गेटमीटिंग. आमच्या पट्ट्यात हा शब्द चहा या शब्दाइतका ओळखीचा आहे. पण त्याचे कपडे होतात हे आम्हाला माहीत नव्हतं.

ती रोज दुपारी पिरंगुटच्या एखाद्या कंपनीच्या गेटसमोर जाऊन बसायची आणि माझ्याकडच्या रद्दी फ्लेक्सच्या पाठीवर चित्रं काढायची. जाड पेन, भराभर रेघा. कोणी चेहरा काढलाय का बघायला वाकलं की त्याला नुसती बाही किंवा खिसा दिसायचा. रखवालदार ओडिशाचा होता, चणीनं लहान, आणि ठेकेदारानं त्याला दिलेला कोट दुप्पट माणसाचा. नसीमताईनं त्या कोटावरून एक जाकीट बेतलं, खांदे मुद्दाम हातभर बाहेर. "एवढ्याशा पगारात एवढा मोठा अधिकार अंगावर घालून उभा ऱ्हातो. दिसू दे की जरा," ती म्हणाली.

तिथंच तिला मंगल ढमाले भेटल्या. गाड्यांच्या वायरी बांधायची एक कंपनी आहे, तिथं ठेक्यावरच्या बायका कामाला होत्या. कंपनीनं नियम काढला की कामाच्या वेळेत लघवीला जायचं तर सुपरवायझरकडून पास घ्यायचा. बायकांनी पास घ्यायला नकार दिला, ठेकेदारानं त्यांना कमी केलं. तेव्हापासून त्या रोज पाळीच्या वेळेला गेटसमोर येऊन बसत होत्या. मंगलवहिनी त्यांच्या पुढारी. पुढारी म्हणजे छापायचा नव्हे, खरा.

त्यांनी नसीमताईला दोन दिवस बघितलं आणि मग सरळ विचारलं, "ए बाई, तू कोन? पेपरवाली का कंपनीची?"

"कपडेवाली."

"मग वाट की कपडे. बघत काय बसलीस?"

नसीमताईला हे फार आवडलं. तिनं मंगलवहिनींच्या अंगावरच्या शर्टाला हात लावला. साडीवर घातलेला कंपनीचा पुरुषी शर्ट, बाह्या दुमडून सेफ्टी पिना लावलेल्या, खिशावर कंपनीचं चिन्ह. तिनं विचारलं, "पदर आत का भायेर?"

"काय सांगू तुला," मंगलवहिनी म्हणाल्या. "आत खोचला की सातवा महिना दिसतुया, भायेर काढला की मशिनीत जातुया. तरी घालतो. आनि वरनं मुतायला पास."

त्या शर्टाचं तिनं कलेक्शनमधलं मुख्य काम केलं. पुढून त्या बायकांचाच जुना, विटलेला शर्ट, खिशावरच्या चिन्हासकट, बाजूनं पदराला वाट करून दिलेली, आणि काखेत एक चौकोनी जास्तीचं कापड असं बसवलेलं की हात कितीही वर नेला तरी शर्ट जागचा हलत नाही. त्याला आम्ही घोषणा-शर्ट म्हणायचो. मंगलवहिनी शेडमध्ये कामाला यायला लागल्या. गेटवर बसायची वेळ झाली की मशिन मधेच थांबवून जायच्या. बाह्यांची चाचणी त्यांच्यावरच व्हायची. भर दुपारी पौडच्या बाजारात इस्माईलचाचांच्या दुकानामागून एक बाई 'जिंदाबाद, जिंदाबाद' ओरडायची आणि दुसरी म्हणायची, "अजून जरा वर." गिऱ्हाईकं घाबरायची. चाचा म्हणायचे, "काही न्हाई, माप चाललंय."

शिवाभाऊंचा कोट मात्र अंगाशी आला. मी छापलेल्या कापडाचा तिनं गुडघ्यापर्यंतचा लांब कोट शिवला आणि दुकानाच्या दारात हँगरला लावला. पाठीवर भाऊ, भाऊंच्या भोवती शुभेच्छुकांची छोटी छोटी मुंडकी. ही बातमी भाऊंना पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी पांढरी गाडी आली, मागून पोरांच्या मोटारसायकली आल्या. मी जर्सीच्या कापडाचे नमुने द्यायला म्हणून तिथं होतो आणि मागच्या दारानं जावं का हा विचार करत होतो.

भाऊंनी गॉगल काढला, कोटाभोवती एक फेरी मारली. पोरं मुठी आवळून उभी. भाऊ म्हणाले, "तांबोळीण, हे काय हाय?"

"कोट हाय, भाऊ."

"ते दिसतंय. हितं माझं नाक शिलाईत गेलंय."

कोटाच्या मधल्या शिवणीनं भाऊंचं नाक खरंच गिळलं होतं. बाकी चेहरा उत्तम आला होता.

नसीमताई म्हणाली, "भाऊ, गेल्या निवडणुकीत पडलात तवा न्हाई गेलं, ते शिलाईत कशाला जाईल?"

इस्माईलचाचांनी डोळे मिटून घेतले. भाऊंनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. पोरांनी भाऊ हसतायत म्हणून हसायला सुरुवात केली. जाताना भाऊंनी दोन गोष्टी केल्या. एक, नाक मोकळं करून घेतलं. दोन, नसीमताईनं सांगितल्यावर हात वर केला, आणि ती म्हणाली, "भाऊ, तुमचा शिंपी चांगला हाय. पन तुमी हात जोडून ऱ्हाता, वर कधी करत न्हाई." भाऊंनी हे कौतुक म्हणून घेतलं.

मग तारिणी मॅडम आल्या. कोळवणला त्यांचं फार्महाउस होतं. खाली भातखाचरं, वर योगासनांसाठी लाकडी ओटा. त्या एक फॅशनची संस्था चालवायच्या आणि पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात दरवर्षी शो भरवायच्या. कोणीतरी त्यांना शेडमध्ये आणलं. त्यांनी घोषणा-शर्टावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नसीमजी, इतकं रॉ आहे. इतकं ऑनेस्ट. मला रडायला येतंय."

"रडा की," नसीमताई म्हणाली, "फक्त कापडावर नको."

त्यांनी शोची शेवटची, मानाची जागा नसीमताईला दिली. ती संध्याकाळभर शेडमध्ये येरझाऱ्या घालत होती. चिडल्यासारखी दिसत होती, पण ते आनंद झाला की ती तशीच दिसायची. मुंबईतून हाकलून दिल्यावर पहिल्यांदाच तिला कोणीतरी मोठ्या दारानं आत बोलावलं होतं. तिनं ठरवलं, मॉडेल नकोत. गेटवरच्या बायकाच स्टेजवर चालत येतील, हातात त्यांचे स्वतःचे फलक घेऊन. मंगलवहिनींनी फलक रंगवले होते. एकावर लिहिलं होतं: 'लघवीला पास? साहेबांनाबी द्या.'

स्टेजच्या मागचा मोठा पडदा छापायचं काम माझ्याकडे आलं. संस्थेनं फाइल पाठवली. त्यात खाली कोपऱ्यात शोचा खर्च उचलणाऱ्यांची चिन्हं होती. चिन्हं ओळखणं हा माझा धंदा आहे. त्यांतलं एक मी रोज पाहत होतो, मंगलवहिनींच्या खिशावर. मी नसीमताईला बोलावून घेतलं.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "मोठं कर, छापखाना."

मी केलं. "अजून मोठं कर." ते चिन्ह स्क्रीनभर झालं. मग तिनं दोन फोन केले आणि तिला कळलं की तारिणी मॅडम त्या वायरीच्या कंपनीच्या मालकांच्या सूनबाई आहेत. त्यांना बिचाऱ्यांना त्या बायकांचं काही माहीत नव्हतं. त्या घरात वायरीविषयी बोलत नसत.

गेटवर जाऊन नसीमताईनं हे सांगितलं तेव्हा मंगलवहिनी कितीतरी वेळ हसत राहिल्या. "म्हंजे आमी गेटाभायेर आनि आमचा शर्ट हाटेलात."

"मी शो सोडते," नसीमताई म्हणाली.

"सोडून काय व्हनार? तुजी नोकरी गेली तवा तू तोंड चालवलंस आनि घरी आलीस. आमाला घरी न्हाई जायाचं. आमाला आत जायाचंय."

हे नसीमताईला लागलं. ती उठून निघाली आणि स्कूटर चालू न करताच रस्त्यापर्यंत ढकलत गेली. त्यानंतर ती गेटवर आली नाही, शेडमध्ये कोणाशी बोलली नाही, फक्त शिवत राहिली.

शोच्या दिवशी सकाळी आम्ही पौडहून टेंपो भरून निघालो. मागं कपडे, फलक आणि माझा पडदा. मागच्या बाजूलाच नसीमताई आणि बटणं लावत बसलेल्या मंगलवहिनी. पुढं ड्रायव्हरशेजारी मी. बाकीच्या बायका पाळी सुटेपर्यंत गेटवर बसून संध्याकाळी थेट हॉटेलात येणार होत्या. भुकूमला नव्या इमारतींच्या समोर वडापावची गाडी लागते, तिथं नसीमताईनं टेंपो थांबवायला सांगितला. मला वाटलं भूक लागली. तिनं तारिणी मॅडमना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मॅडम, कपडे भुकूमला हायेत."

"ओके, नसीमजी, ट्रॅफिक आहे का?"

"ट्रॅफिक न्हाई. कपडे भुकूमलाच ऱ्हानार हायेत. तुमच्या सासऱ्यांच्या गेटावर ज्या बायका बसल्यात, त्यांना कामावर घ्या. मग कपडे येतील."

पलीकडे इंग्रजीतली कुजबुज, मग फोन बंद. आम्ही वडापाव खाल्ले. मंगलवहिनींनी सुई टोचून ठेवली. फोन पुन्हा पुन्हा येत राहिला: आधी तारिणी मॅडमचा, रडवेला, मग कंपनीतल्या कुणा साहेबाचा, धमकीचा, आणि उन्हं चढल्यावर स्वतः म्हाताऱ्या मालकांचा. तो माणूस थंड होता. त्याच्या घरी पाहुणे आले होते, पेपरवाले बोलावलेले होते, आणि शोची शेवटची जागा रिकामी होती. तो म्हणाला, बायका सोमवारपासून आत येतील. काही महिने बघू, मग कायम करू. पासचा नियम मागं घेतो. पण खिशावरचं चिन्ह निघालं पाहिजे, फलक कोरे पाहिजेत, स्टेजवर बायका नव्हे, मॉडेल चालल्या पाहिजेत, आणि बायका कायम होईपर्यंत तुमच्या तोंडून या विषयावर एक शब्द निघाला तर सगळं रद्द.

"बाकी सगळ्या," तो म्हणाला, "ढमाले सोडून."

नसीमताईनं फोनवर हात ठेवला. "न्हाई," ती मंगलवहिनींना म्हणाली. "तुला सोडून न्हाई."

"व्हय म्हन."

"वहिनी, तू सगळ्यांच्या आधी बोललीस, आनि तूच—"

"नसीम, त्या सुपरवायझरचं तोंड बघायची मला तशीबी हौस न्हाई. तितं बाकीच्यांच्या चुली हायेत. व्हय म्हन त्याला."

नसीमताईनं होय म्हटलं. मग रस्त्याच्या कडेला, टेंपोच्या मागं बसून, दोघींनी ब्लेडनं एकेका खिशावरचं चिन्ह उसवलं. धागे निघाले तरी खाली कापडाचा मूळ गडद रंग चौकोनी राहिला. फलकांवर मी पांढरी शीट चिकटवली. साहेबांना पास देण्याची सूचना सगळ्यात शेवटी झाकली, कारण मंगलवहिनी म्हणाल्या, तेवढी एक जरा वेळ राहू दे.

हॉटेलात मी पडदा बांधला आणि मागं उभा राहून शो पाहिला. उंच, बारीक मुली घोषणा-शर्ट घालून आल्या. रखवालदाराच्या जाकिटाला लोक हसले नाहीत, गप्प झाले. शिवाभाऊंचा कोट आला तेव्हा मात्र एक शिट्टी पडली. ती भाऊंनीच मारली, त्यांनी कुठून तरी पास मिळवला होता. शेवटी सगळ्या मुली एका ओळीत थांबल्या आणि त्यांनी कोरे फलक वर धरले. लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

नंतर चहाच्या वेळी गळ्यात मोठमोठे मणी घातलेल्या एक समीक्षक बाई नसीमताईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "ते कोरे फलक. काय विलक्षण कल्पना आहे. ज्यांना आवाजच नाही त्यांची घोषणा. तुम्हाला सुचलं कसं?"

मी जवळच होतो. नसीमताईनं तोंड उघडलं. तिच्या तोंडात काय आलं होतं ते मला अक्षरशः दिसलं. 'श्रम'च्या तालमीत आलं असेल तसंच. मग तिनं तोंड मिटलं. घोटभर पाणी प्यायली.

"सुचलं," ती म्हणाली.

सोमवारी बायका आत गेल्या. आणि नसीमताई प्रसिद्ध झाली. मौनाचं वस्त्रशास्त्र की असं काहीतरी नाव देऊन तिच्यावर लेख आले. तिला व्याख्यानांना बोलावणी आली, सगळी मौन या विषयावर. ती नाही म्हणायची आणि लोकांना वाटायचं, वा, काय सुसंगत बाई आहे. तारिणी मॅडमनी पुढच्या वर्षीसाठी आणखी कोरे फलक मागवले.

इकडे पौडला आम्ही सगळे घाबरलो होतो. नसीमताई सभ्य झाली होती. गिऱ्हाईक म्हणेल त्या रंगाचं कापड निमूट फाडून द्यायची. मला एकदा "कसे आहात?" म्हणाली, मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. इस्माईलचाचा एक दिवस माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "पोरगी कुनाचं काय काढत न्हाई. डॉक्टरला दाखवू का?" फक्त मंगलवहिनी शेडमध्ये तिच्यासमोर बसून रोज कंपनीला, सुपरवायझरला, मालकाला आणि मालकाच्या सुनेला यथेच्छ शिव्या द्यायच्या. नसीमताई ऐकायची आणि मशिन चालवायची. मला वाटतं, मंगलवहिनी तिचा वाटा बोलत होत्या.

बायका कायम झाल्या ती बातमी मंगलवहिनींनीच आणली. नसीमताईनं हातातलं काम खाली ठेवलं, तोंड धुतलं आणि मुंबईच्या एका फॅशन कॉलेजला फोन करून सांगितलं, मौनावर बोलायला येते. ती गेली आणि दीड तास बोलली. भुकूमपासून सगळं, वडापावसकट. शेवटी तिनं मंगलवहिनींच्या फलकावरचा मजकूर जशाच्या तसा सांगितला. तारिणी मॅडमच्या संस्थेनं दुसऱ्याच दिवशी तिचे सगळे फोटो उतरवले. कॉलेजनं तिला तिथंच शिकवायला ठेवून घेतलं. का, ते मला कळलं नाही, तिलाही नसावं. "पोरांना विळा धरायला शिकवनार हाय," एवढंच म्हणाली. शेड मंगलवहिनींवर सोपवली.

ती जायच्या दिवशी पौडच्या एसटी स्टँडवर आम्ही तिघं होतो, इस्माईलचाचा, मंगलवहिनी आणि मी. रडारड काही झाली नाही. चाचांनी तिच्या हातात डब्याची पिशवी दिली, तिनं पिशवीत वास घेऊन तोंड वाकडं केलं. गाडी लागली तशी गर्दी आत घुसली. एका माणसानं बाहेरूनच खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला होता. नसीमताई त्याच्या आधी तिथं पोचली. तिनं रुमाल दोन बोटांत उचलला आणि पुढच्या सीटवर ठेवून दिला. तो माणूस आला. त्यानं काहीतरी म्हटलं. मग तिनं म्हटलं. मग कंडक्टर आला, आणि तिनं दोघांनाही म्हटलं.

खालून काही ऐकू येत नव्हतं, पण आतलं दिसत होतं. तिचे हात चालले होते, मागच्या सीटवरच्या बायका वळून बसल्या होत्या, एक म्हातारी मान हलवून दुजोरा देत होती. गाडी सुरू झाली तरी दोघं उभीच. गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा मागच्या काचेतून मला ती दिसली, पाठमोरी, एका हातानं दांडा धरून, आणि ज्या सीटसाठी हे सगळं चाललं होतं ती तशीच मोकळी.

मंगलवहिनींना गर्दीतून दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "बसली का रं?"

"न्हाई," मी म्हटलं. "भांडतायत."

"भांडतीया व्हय," त्या म्हणाल्या. "मग बरी हाय." आणि चाचांचा हात धरून चहाच्या टपरीकडे वळल्या.